आधी ग्रामसभेला विचारा: स्थानिक वस्तुसंग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील स्थानिक व जिल्हा वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, अभिरक्षक आणि मार्गदर्शक

सप्रेम जोहार.

तुमच्यापैकी अनेकांच्या संग्रहात एखादा तारपा असेल. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांध्यांना मेण. काचेच्या पेटीत तो आडवा ठेवलेला असतो आणि खाली पाटी असते: 'आदिवासी वाद्य, ठाणे जिल्हा.' कधी पाटीवर संग्रहालयाला तो देणाऱ्या गृहस्थांचं नाव असतं, सालासकट. ज्याने तो केला त्याचं नाव नसतं. तो कोणत्या पाड्यावर वाजला, कोणाच्या छातीतल्या दमावर वाजला, तेही नसतं. तारपेकरी मध्ये असतो आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली बायापुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते, नवं भात घरात यायच्या दिवसांत हा नाच रात्र रात्र चालतो, यातलं काहीच त्या पाटीवर मावलेलं नसतं. ज्याने हे कधी पाहिलं नाही, त्याला पेटीत एक वाकडा, धुळकट भोपळा दिसतो आणि तो पुढच्या पेटीकडे जातो.

मी वारली आहे आणि जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. सहलीच्या निमित्ताने मुलांना घेऊन मी संग्रहालयं पाहत आलो आहे. हे पत्र कुणा एका संस्थेविरुद्ध नाही. मला तुमच्या सगळ्यांकडे एक मागणं मागायचं आहे. आमच्याबद्दल काहीही मांडण्याआधी आमच्या ग्रामसभेला विचारा. मांडताना तिला बरोबर घ्या. आणि एखादी वस्तू दाखवू नका असं ती म्हणाली, तर तो नकार माना.

तुमचं काम किती कठीण आहे याची मला जाणीव आहे. गळकं छत, वाळवी, अपुरा पगार, वर्षानुवर्षं न भरलेली पदं, आणि तरीही रोज सकाळी दार उघडून पेट्यांवरची धूळ पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. कित्येकांनी पदरचे पैसे घालून, पायी फिरून वस्तू गोळा केल्या. त्या तशा गोळा झाल्या नसत्या तर आज आमच्या मुलांना दाखवायलाही उरल्या नसत्या. हे ऋण मी मानतो. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. ज्यांना या वस्तूंची काळजी आहे, त्यांच्याशीच हे बोलता येतं.

पहिली गोष्ट नावाची. आमच्याकडे लग्न असतं तेव्हा घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघट देवी असते. धवलेरी बाई गाणी म्हणते, लग्न तीच लावते, आणि चौक पुरा झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. हा विधी आहे. त्या रेषा कोणी काढायच्या, कधी काढायच्या, याला नियम आहेत. पुढे १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नाच्या भिंतीबाहेर, रोजच्या रोज चित्रं काढू लागले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची चित्रं जगभर पोहोचलेली होती. एका वारली माणसाचं नाव चित्राखाली लिहिलं गेलं आणि त्याने केवढा फरक पडला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाड्यापाड्यावर पोरं ब्रश धरू लागली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी ते चौक काढले, त्यांतल्या एकीचंही नाव मला कुठल्या पाटीवर सापडलेलं नाही. माझ्या आईला धवलेरीची गाणी येतात. चौकातल्या कुठल्या आकाराला काय म्हणायचं, कोणता आधी काढायचा, हे ती बोट ठेवून सांगते. अशा बाया आज आमच्या गावांत आहेत, पण त्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. तुमच्या दालनातल्या चौकाच्या चित्राखाली 'भित्तिचित्र, सजावटीचा प्रकार' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. आमच्या देवीला सजावट म्हटलेलं वाचून मला वाईट वाटलं. एखाद्या बाईला बोलावून, तिला प्रवासखर्च आणि मानधन देऊन, दोन दिवस बसवून विचारलं असतं तर ती पाटी अशी लिहिली गेली नसती.

दुसरी गोष्ट काळाची, आणि हीच मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्याबद्दलच्या पाट्या भूतकाळात लिहिलेल्या असतात. 'हे लोक शिकार करीत असत.' 'हे लोक झोपड्यांत राहत असत.' प्लास्टरचा एक पुरुष, कमरेला लंगोटी, हातात तिरकमठा. शेजारी प्लास्टरची बाई, डोक्यावर लाकडाचा भारा. एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच दालनात आमच्या सातवीतल्या एका मुलीने मार्गदर्शकाला विचारलं होतं, "ही कणगी तर आमच्या घरात आहे, त्यात भात आहे. मग ती इथे जुनी कशी झाली?" त्या गृहस्थांना उत्तर सुचलं नाही. ते भले माणूस होते, ते तिच्याशी नीट बोलले. पण त्यांना जे पाठ करायला दिलं होतं त्यात त्या मुलीसाठी काहीच नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक नोंदली गेली, राज्याच्या सव्वानऊ टक्क्यांच्या वर. एवढी माणसं शेती करतात, वीटभट्टीवर जातात, शाळेत शिकवतात, नर्स होतात, बस चालवतात, निवडणूक लढवतात. मुंबईत आरेच्या पाड्यांवर आजही वारली राहतात, महानगराच्या मधोमध. ती सगळी माणसं प्लास्टरच्या त्या दोन पुतळ्यांत कशी बसवणार? आमच्या मुलांनी तिथून काय घेऊन जायचं? आपण संपलेलो आहोत, हे?

कातकऱ्यांचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेले तीन समाज आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी खैराचा कात पाडायचे. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी ते जंगल त्यांच्या हातून गेलं. रायगड जिल्ह्यात उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हा हुतात्मा झालेल्यांत नाग्या कातकरी होते. आज पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. हा सगळा इतिहास आहे, एकाच समाजाचा, सलग. संग्रहालयात मात्र त्यातून उरतात ती मासे धरायची साधनं आणि एक उंदराचा सापळा. चिरनेर नाही, कातभट्टी नाही, वीटभट्टी तर नाहीच. भट्टीवरची उचल लिहिलेली एक वही, एका कातकरी बाईने आपल्या आवाजात सांगितलेला तिचा एक हंगाम, आणि शेजारी नाग्या कातकरींचं नाव, एवढं मांडलं तरी पाहणाऱ्याला बरंच काही कळेल.

इतिहासाच्या दालनात आम्हाला जागा का मिळत नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. राजे, लढाया, तह, नाणी एका बाजूला, आणि आदिवासी दुसऱ्या बाजूला, 'लोकजीवन' या पाटीखाली, टोपल्या आणि सुपांबरोबर. पण आमच्या जव्हारचंच पाहा. इथलं संस्थान मुकणे घराण्याचं, म्हणजे महादेव कोळ्यांचं. त्यांना तुम्ही कोणत्या दालनात ठेवणार? चंद्रपूरचा किल्ला गोंड राजांचा. तिथे राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधली, ती आजही उभी आहे. नागपूर शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने. आणि जे राजे नव्हते ते लढले. अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. बाबुराव सेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात. खानदेशात खाज्या नाईकांनी भिल्लांची फौज उभी केली. ही नावं कधी जयंतीच्या फलकावर दिसतात, कधी चौकातल्या पुतळ्याखाली. संग्रहालयाच्या कायमच्या मांडणीत मला ती क्वचितच भेटली.

आमच्या भागातला इतिहास तर अजून ताजा आहे. सावकार आणि जमीनदारांकडे वारल्यांना वेठबिगार करावी लागायची. लग्नाच्या खर्चासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही त्याच्या दारात राबायला बांधली जायची. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारल्यांनी ही वेठ मोडली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाले. ज्यांच्या आईबापांनी ती वेठ केली आणि मग मोडली, अशी माणसं अजून आमच्यात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला मोठा निधी लागत नाही. एक चांगला रेकॉर्डर लागतो, आमची बोली समजणारं माणूस लागतं, आणि घाई नसावी लागते.

आता ग्रामसभेकडे येतो, कारण माझं मागणं मी भावनेवर उभं केलेलं नाही. १९९६ च्या पेसा कायद्याचं, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायत राज नेणाऱ्या कायद्याचं, चौथं कलम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख यांचं रक्षण व जतन करायला सक्षम मानतं. कायद्याने हे काम ग्रामसभेकडे दिलेलं आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये या कायद्याचे नियम केले आणि त्यामुळे एखादा पाडाही स्वतःचं वेगळं गाव, स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा, त्यातल्या बौद्धिक संपदेवरचा आमचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत ग्रामसभा काय करू शकते हे साऱ्या देशाला दाखवून दिलं, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बांबूचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते, तर बांबूच्या तारप्याबद्दल तिला विचारायला काय हरकत आहे?

रायगडसारखे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, तिथे पेसा लागू नाही, हे मला माहीत आहे. पण कातकरवाडीत जाऊन विचारायला कुठल्या कलमाची परवानगी लागत नाही.

विचारायचं ते मुख्यतः देवाच्या आणि मेलेल्यांच्या वस्तूंबद्दल. आमच्या शिवारात वाघदेव असतो, लाकडात किंवा दगडात कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. वाघबारशीला त्याची पूजा होते. तो गावाचा राखणदार आहे. मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो, तेव्हा कुठलं सोंग कोणत्या घराकडे हे गावाला ठाऊक असतं. मुखवटा पूजा करून बाहेर निघतो आणि उत्सव संपला की पुन्हा मानाने ठेवला जातो. मेळघाटात कोरकू आपल्या मृतांसाठी सागाचा कोरीव मुंडा, म्हणजे स्मृतिखांब, उभा करतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरतात. या वस्तू संग्रहालयांत आल्या आहेत. काही लोकांनी आपणहून दिल्या असतील, काही गरजेपोटी विकल्या असतील, काही कुणाला न विचारता उचलल्या गेल्या असतील. तुमच्या नोंदवहीत यातलं काय लिहिलंय ते तुम्हीच पाहू शकता. ते पाहा, आणि ज्या गावातून ती वस्तू आली त्या गावाला कळवा. मुंडा म्हणजे कुणाच्या तरी आजोबांची आठवण आहे. ती दालनाच्या कोपऱ्यात, अग्निशामक नळकांड्याशेजारी उभी केलेली मी पाहिली आहे. मला तिथे क्षणभरही थांबवेना.

हे प्रश्न जगात सगळीकडे विचारले जात आहेत, आणि त्यांना उत्तरंही मिळू लागली आहेत. अमेरिकेत १९९० पासून मूलनिवासी समाजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, प्रदर्शनाआधी त्या त्या समाजाची संमती घ्यावी लागेल असे, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन मोठी दालनं बंद केली. एवढं जगप्रसिद्ध संग्रहालय पेट्या झाकतं, कारण विचारायचं राहून गेलेलं आहे. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या बरोबरीने माओरी नेतृत्वाचं स्वतंत्र पद आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. त्यांच्या संग्रहात नागा लोकांचे अवशेष आहेत, आणि ते घरी आणण्यासाठी नागा समाजातले लोक आज गावोगाव चर्चा करत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात एक नागा कवटी विक्रीला निघाली होती. नागालँडमधून निषेध झाला, मुख्यमंत्र्यांनी पत्र लिहिलं, आणि ती विक्री मागे घ्यावी लागली. कोणाच्या तरी पूर्वजाचं डोकं, आणि त्याला बोली लावायची. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत.

परदेशाचं राहू द्या. गुजरातमध्ये छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढला भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी अकादमी उभारली, तिथे 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे. ते राठव्यांच्या आणि भिल्लांच्या गावांमध्ये उभं आहे, शहरात नाही. पाहणारा तिथे वस्तूंच्या शेजारच्या गावात राहणारा असतो, त्याला फसवता येत नाही. भोपाळच्या मानव संग्रहालयात उघड्या टेकडीवर देशभरातल्या समाजांची घरं आहेत, आणि ती बांधायला त्या त्या समाजाची माणसं आपल्या गावाहून आली होती. भोपाळचंच दुसरं, २०१३ मध्ये उघडलेलं जनजातीय संग्रहालय आदिवासी कलाकारांच्या हातांनी घडलेलं आहे आणि पाहताना भान हरपतं, इतकं सुंदर आहे. माझी त्याबद्दल एकच तक्रार आहे: तिथे सगळं स्वप्नासारखं आहे, त्यात विस्थापन नाही, धरण नाही, कुपोषण नाही. सौंदर्य दाखवायचं तर दाखवा, पण दुखणंही आमचंच आहे.

आणि आपल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे आहेत. महादेव कोळी समाजातली ही बाई शाळेत गेलेली नाही. तिने घरात गावरान बियाणं जपलं, भाताचं, वालाचं, भाज्यांचं, आणि बायकांना वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या उत्तम स्थानिक संग्रहालयांत त्यांच्या बियाणे बँकेची गणना व्हायला हवी. प्रत्येक बियाण्यामागे एक नाव आहे, ते कुठून आलं याची आठवण आहे, त्याचं काय रांधायचं ते माहीत आहे, आणि ते दरवर्षी मातीत जातं. तुम्ही तुमच्या मुलामाणसांना घेऊन एकदा तिथे जाऊन या.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची स्थापना १९६२ ची. तिचं स्वतःचं संग्रहालय आहे, आणि जुन्नरच्या डोंगरात वाढलेले, महादेव कोळी समाजातले डॉ. गोविंद गारे तिचे संचालक झाले. आपल्याच माणसाने आपल्या समाजाबद्दल लिहिलं की त्यात काय फरक पडतो, हे ज्यांनी गारे सरांचं लेखन वाचलं त्यांना सांगायला नको. पण त्यांच्यासारखी माणसं जिल्ह्याच्या संग्रहालयात किती? तुमच्या विश्वस्त मंडळावर एकतरी वारली, कोकणा, ठाकर, भिल्ल, पावरा, कोरकू आहे का? पहारेकरी आणि सफाई कामगार म्हणून आमची माणसं तुमच्याकडे आहेत, हे मी पाहिलं आहे. त्यांतल्या एखाद्याला तुम्ही कधी विचारलंत का, की ही वस्तू तुझ्या घरी काय म्हणून वापरतात?

भाषेचंही तसंच. याच राज्यात गोंडी आणि कोलामी बोलली जाते, त्या द्रविड कुळातल्या. मेळघाटात कोरकू, ती मुंडा कुळातली. बुलढाण्याच्या जळगाव-जामोदकडे निहाली, तिचं तर जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि ती बोलणारे थोडेच लोक उरले आहेत. अशी भाषा ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या संग्रहालयाने ती ऐकवायला नको का? एका बटणावर एखादी आजी तिच्या भाषेत पाऊस कसा येतो ते सांगते आहे, असं आमच्या मुलांनी ऐकलं तर ती तिथून हलणार नाहीत. शाळेत जी भाषा बोलल्याबद्दल कधीकाळी त्यांच्या आईबापांना मार बसला, ती सरकारी इमारतीत मोठ्याने वाजते आहे, याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

यातलं काही उद्याच सुरू होऊ शकतं. तुमच्याकडे आमच्या गावांचे जुने फोटो आहेत, कित्येक इंग्रजांच्या काळातले. काहींत माणसांना उभं करून, पुढून आणि बाजूने, जनावरांसारखं मोजलेलं दिसतं. फोटोच्या मागे जमातीचं नाव आहे, माणसाचं नाही. त्या फोटोंच्या प्रती काढून, जिथे गाव लिहिलेलं आहे त्या गावी नेऊन द्या. म्हातारी माणसं चेहरे ओळखतील, निदान दागिना आणि लुगडं नेसायची पद्धत ओळखतील, आणि तुमची नोंदवही एका दुपारीत भरेल. फोटोतली माणसं ज्यांची पूर्वज आहेत, त्यांच्या भिंतीवर त्यांचा एकही फोटो नाही.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी आणि १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंतीला तुम्ही आम्हाला नाचायला बोलावता. आम्ही येतो, कारण नाच आम्हाला आवडतो आणि तारपा ऐकून लोकांचे चेहरे उजळतात तेव्हा बरं वाटतं. यापुढे त्या दिवशी आम्हाला तुमच्या बैठकीलाही बोलवा. पुढच्या वर्षी कोणतं दालन बदलायचं, त्यावर किती खर्च करायचा, कोणत्या वस्तू मागे ठेवायच्या, हे ठरतं त्या टेबलाशी. पावसातून इरलं घेऊन आलेली बाई तिथे बसली तर त्या बैठकीचं टिपण वेगळं होईल. ज्यांनी माहिती दिली त्यांना विद्यापीठातल्या तज्ज्ञाइतकंच मानधन द्या, आणि पाटीवर त्यांचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

काही जण म्हणतील, ग्रामसभेत एकमत होत नाही, राजकारण होतं, वेळ जातो. होतं, आणि वेळही जातो. आमच्यातही बोहाड्याचे मुखवटे बाहेर दाखवावेत की नाही यावर दोन मतं आहेत. तरुण म्हणतात दाखवा, लोकांना कळू द्या. म्हातारे म्हणतात ते देव आहेत. हा वाद आमचा आहे, तो आम्हाला घालू द्या. आमच्या वतीने त्याचा निकाल आधीच लावून टाकू नका. वस्तू पन्नास वर्षं पेटीत पडून आहे, ती आणखी सहा महिने थांबेल.

राज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. यांतल्या कुठल्याही दिवशी या. येताना पालघर, नाशिक, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, ज्या भागातून तुमच्या संग्रहातली वस्तू आली असेल तिथल्या गावाचं नाव आणि वस्तूचा फोटो घेऊन या, नोंदवहीच्या त्या पानाची प्रत घेऊन या. पत्र सरपंचांच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे बरेच दिवस आधी पाठवा, म्हणजे विषय सभेच्या पत्रिकेवर येईल आणि पाड्यापाड्यावर निरोप जाईल. बायकांची सभा वेगळी घ्यायला सांगा, कारण चौकाचं, बियाण्याचं आणि गाण्यांचं ज्ञान बहुतेक त्यांच्याकडे आहे आणि पुरुषांपुढे त्या सगळं बोलत नाहीत. दुभाषा लागला तर आमच्या आश्रमशाळांचे माजी विद्यार्थी प्रत्येक तालुक्यात आहेत. जव्हार तालुक्यातल्या गावांत यायचं ठरलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

आपला,
जव्हार तालुक्यातील एक आश्रमशाळा शिक्षक